पुनर्वसनाची इमारत आखताना आधी गॅलरी, मग खोली

घरदार सोडून आलेल्या माणसांसाठी इमारत आखायची असेल, तर कागदावर पहिली रेघ गॅलरीची ओढा. मी चेंबूरला आर्किटेक्ट आहे, पुनर्वसनाचे नकाशे सतत हाताखालून जातात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची खोली 300 चौरस फुटांची, हे नियमानेच ठरलंय. आपल्या हातात उरते ती दारापासून रस्त्यापर्यंतची जागा, आणि नवखा माणूस रुळतो तो तिथेच.

गॅलरी सहा फुटांची ठेवा. चार फुटांत चपलांचं कपाट आणि पाण्याचं पिंप आलं की माणसं अंग चोरून जातात, बोलायला कुणी थांबत नाही. सहा फुटांत एक बाई तांदूळ निवडत बसते आणि शेजारीण आपसूक टेकते. बसायचा कट्टा दाराशेजारी, भिंतीला लागून बांधा. कठड्याला लागून अजिबात नको, लहान मुलं त्यावर चढतात. दुतर्फा खोल्या आणि मधे अंधारा पॅसेज ही आखणी तर टाळाच. हवा-उजेड कोंडलेल्या घरांत क्षयरोग पसरतो.

मग पोटापाण्याचं बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं. 1949मध्ये तिचं उल्हासनगर झालं. राहायला त्या बराकी हालाच्याच, पण जमिनीलगत होत्या. दाराबाहेर पाऊल टाकलं की धंदा मांडता येई. सातव्या मजल्यावरच्या बाईने पापड कुठे वाळवायचे? गच्चीला कुलूप लावू नका, तिथे नळ द्या. तळमजल्यावर लहान गाळे काढा, त्यांची तोंडं रस्त्याकडे. पिठाची गिरणी आणि बालवाडीही रस्त्यालगतच हवी, म्हणजे आधीपासूनचे रहिवासी तिथे येतील. भोवती उंच भिंत घातलीत तर वर्षानुवर्षं ती ‘त्यांची कॉलनी’च राहते.

घरांची सोडत एकेका कुटुंबाची काढू नका. छावणीत शेजारी असलेल्या आठ-दहा कुटुंबांचा गट करा आणि गटाला एक मजला द्या. आजारपणात रात्री कुणाचं दार वाजवायचं, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी मैदानात फक्कीने एक खोली आणि गॅलरी खऱ्या मापात आखा. तिथे राहणार असलेल्या बायकांना बोलवा. गॅसची शेगडी, मोरी, म्हाताऱ्या सासूची खाट कुठे येईल, ते त्यांनाच उभं राहून दाखवू द्या. त्या सांगतील तशा रेघा तिथल्या तिथे बदला आणि बदललेली मापं घेऊनच ऑफिसला परता.