डॅशबोर्डची कंपोनंट लायब्ररी: आधी आकड्याचं कार्ड, मग बाकीचं

कंपोनंट लायब्ररी (पडद्यावरचे पुन्हा वापरता येणारे तयार भाग एकत्र ठेवणारं पॅकेज) काढायची म्हटलं की बहुतेक जण बटणापासून सुरुवात करतात. डॅशबोर्डसाठी करत असाल तर आधी आकडा दाखवणारं कार्ड घ्या. वेगवेगळ्या टीमनी लिहिलेली कार्डं शेजारी शेजारी उघडून बघा. डेटा आलाच नाही तर एक '०' दाखवतं, दुसरं रिकामं राहतं, तिसऱ्यावर 'एनएएन' ('हा आकडाच नाही' अशी खूण) झळकतं. वसुली शून्य झाली आणि वसुलीचा आकडाच मिळाला नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या शून्यावरून कोणीतरी कोणाला तरी जाब विचारणार असतं.

म्हणून माझ्या कार्डाला चार अवस्था सक्तीच्या आहेत: लोड होतंय, आकडा आहे, नोंद नाही, मागवताना चूक झाली. टाइपस्क्रिप्टमध्ये (डेटाचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) युनियन टाइप, म्हणजे 'यांपैकी एकच' सांगणारा प्रकार, असा लिहा की 'चूक' अवस्थेत आकडा पाठवताच येणार नाही. एवढं जमलं की तक्ता, आलेख, यादी सगळ्यांना हाच साचा लावता येतो.

स्वल्पविराम कोणालाही हाताने लावू देऊ नका. ब्राउझरमधल्या 'इंटल' या अंगभूत सोयीच्या नंबर फॉरमॅटला भारतीय लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं की लाख-कोटींची मांडणी आपोआप होते. मराठी लोकेल दिलं तर अंकही देवनागरी येतात. ते हवेत की नकोत हे लायब्ररीत एकदाच ठरवा.

मराठी शीर्षकं असतील तर ओळीची उंची जपा. ती १ ठेवून ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवला की 'विक्री'ची वेलांटी आणि 'खर्च'चा रफार वरून कापला जातो. मी १.५ ठेवते. स्टोरीबुकमध्येही (कंपोनंट सुटे उघडून तपासायचं साधन) 'तालुकानिहाय थकबाकी वसुली' अशी खरी, लांबलचक नावं घालून बघते.

आता प्रकाशन, म्हणजे लायब्ररी एनपीएम या पॅकेजांच्या भांडारात टाकणं. हे कंपोनंट रिअ‍ॅक्ट या लायब्ररीवर चालतात. रिअ‍ॅक्ट 'पीअर डिपेंडन्सीज'मध्ये (वापरणाऱ्या ॲपने पुरवायच्या पॅकेजांची यादी) टाका आणि बंडलमधूनही (एकत्र बांधलेला कोड) वगळा. नाहीतर ॲपमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती येतात आणि 'इनव्हॅलिड हुक कॉल' हा एरर समोर उभा राहतो. पॅकेजच्या 'साइड इफेक्ट्स' या नोंदीला (न वापरलेल्या फाइली गाळल्या तर चालेल का, हे बंडलरला सांगणारी) सरसकट 'फॉल्स' लिहू नका, सीएसएस फाइलींचा अपवाद नोंदवा. तो राहिला तर बंडलर स्टाइलच गाळून टाकू शकतो.

पब्लिश करण्याआधी 'एनपीएम पॅक' ही आज्ञा ड्राय-रनने (प्रत्यक्ष फाइल न बनवता) चालवून फाइलींची यादी स्वतः वाचा. टोकन (गुप्त किल्ली) असलेली एखादी फाइल चुकून जात असेल तर ती इथेच दिसते. मग खरी टारबॉल (पॅकेजची बांधलेली फाइल) बनवून एका चालू डॅशबोर्डमध्ये इन्स्टॉल करा. 'एनपीएम लिंक'वर (आपल्या मशीनवरचं फोल्डर थेट जोडण्याचा मार्ग) मी विसंबत नाही, कारण तिथे रिअ‍ॅक्टच्या दोन प्रतींचा घोळ पुन्हा होऊ शकतो.

व्हर्जनचा नियम साधा आहे: दुरुस्तीला पॅच (क्रमांकाचा शेवटचा आकडा), नव्या ऐच्छिक प्रॉपला (कंपोनंटला देता येणारी माहिती) मायनर (मधला), जुनं काही मोडणार असेल तर मेजर (पहिला). कार्डाची उंची बदलली तरी मी मेजर धरते, कारण त्याने दुसऱ्यांची ग्रिड हलते.

स्कोप (नावाआधी '@संस्था' असा भाग) असलेलं पॅकेज सगळ्यांसाठी खुलं करायचं तर पहिल्यांदा ॲक्सेस 'पब्लिक' द्यावा लागतो. आणि व्हर्जन बिघडलं तर ते काढून घेऊ नका. २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतल्यावर जगभरचे बिल्ड अडकले होते. शिवाय एकदा वापरलेला व्हर्जन क्रमांक एनपीएमवर पुन्हा वापरता येत नाही. बिघडलेलं व्हर्जन 'डेप्रिकेट' करा ('हे वापरू नका' अशी खूण लावा), संदेशात कोणतं व्हर्जन घ्यायचं ते स्पष्ट लिहा आणि लगेच पुढचा पॅच काढा.