जुन्या प्रोग्रामला नवे फॉन्ट दिसेनात, तेव्हा

नागपुरात महाल भागातल्या आमच्या छापखान्यात एका जुन्या लिनक्स संगणकावर लेबलांचा मजकूर जुळवला जातो. त्यासाठी 7 ट्रूटाइप फॉन्ट मी फॉन्टांच्या डिरेक्टरीत टाकले आणि ‘एमकेफॉन्टडिर’ ही फॉन्टांची सूची बनवणारी आज्ञा चालवली, तरी जुन्या प्रोग्रामच्या यादीत ते येईनात. नवे प्रोग्राम फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधून देणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेवर चालत असल्याने त्यांना मात्र ते लगेच दिसले.

‘फॉन्ट्स.डिर’ ही सूची उघडली, तर पहिल्या ओळीत 4 हाच आकडा, म्हणजे केवळ आधीचे बिटमॅप (ठिपक्यांनी बनलेले, ठरावीक आकाराचे) फॉन्ट. कारण असे की एमकेफॉन्टडिर बिटमॅप फाइली स्वतः वाचते, पण ट्रूटाइपसारख्या लहानमोठ्या होणाऱ्या फॉन्टांच्या नोंदी ‘फॉन्ट्स.स्केल’मधून जशाच्या तशा उचलते, आणि ती फाइल ‘एमकेफॉन्टस्केल’ने आधी तयार करावी लागते. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तोच माझ्याकडून राहिला होता.

दोन्ही आज्ञा त्या क्रमाने दिल्यावर आकडा फाइलींच्या संख्येहूनही मोठा झाला, कारण एकाच ट्रूटाइप फाइलीची प्रत्येक संकेतप्रणालीसाठी (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीसाठी) वेगळी ओळ पडते. पडद्यावर खिडक्या दाखवणारा आणि जुन्या प्रोग्रामना फॉन्ट पुरवणारा एक्स सर्व्हर मात्र जुनीच सूची धरून बसला होता. त्याला सूची पुन्हा वाचायला लावणारी ‘एक्ससेट एफपी रीहॅश’ ही आज्ञा दिल्यावर आणि प्रोग्राम पुन्हा उघडल्यावर सातही फॉन्ट यादीत आले.