अँप लावताय? आधी बॅटरी बघा

गाड्यांची वायरिंग करतो, त्यामुळे "दादा, किती वॅटचा अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) बसेल?" हे रोजचंच. मी आधी बॉनेट उघडायला लावतो.

खोक्यावरचे 3000 वॅट विसरा, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर बघा. 500 वॅट आरएमएसचा क्लास डी अँप फुल आवाजात साधारण 45 अँपिअर खेचतो, जास्त वीज वाया घालवणारा क्लास एबी 65-70 पर्यंत. गाडी पळताना हा भार अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) उचलतो. पण नाशिकला द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून आयडलवर अडकलात की तो कमी पडतो, उरलेलं बॅटरीतून जातं आणि प्रत्येक बेसला हेडलाइट मिचमिचतात.

म्हणून बॅटरीच्या ट्रेमध्ये मावेल तेवढी जास्त एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) बॅटरी घ्या. टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते बघा, नाहीतर केबल पोचत नाही. बनावटीची तारीखही बघा, सहा महिने पडून राहिलेली नको.

गंगापूर धरणावर इंजिन बंद ठेवून गाणी वाजवणार असाल तर एजीएमच घ्या, म्हणजे काचतंतूंच्या थरात अ‍ॅसिड धरून ठेवणारी सीलबंद बॅटरी. महाग पडते, पण साधी बॅटरी वारंवार उतरली की लवकर बसते. मल्टीमीटरवर साधी बॅटरी 12.6 व्होल्टला फुल, एजीएम 12.8 च्या आसपास; 12.2 दिसले की गाणी बंद.

आणि अँपच्या वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. तिथे पैसे वाचवू नका.