पराभूत शत्रुराष्ट्राविषयीची युद्धकालीन जहाल मते कशी वाचावीत

युद्ध चालू असताना शत्रूविषयी लिहिलेला मजकूर हाती आला, की आधी त्याची तारीख पाहावी. आक्रमकता हा जर्मनांचा राष्ट्रीय स्वभावच आहे, असे ब्रिटिश मुत्सद्दी रॉबर्ट व्हॅन्सिटार्ट १९४० मध्ये रेडिओवरून सांगत होते, तेव्हा लंडनवर बॉम्ब पडत होते. पराभूत जर्मनीचे उद्योग मोडून तिला शेतीप्रधान बनवण्याची अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ यांची योजना सप्टेंबर १९४४ ची, म्हणजे विजय दृष्टिपथात आल्यानंतरची आहे. जिवावर बेतलेले असताना काढलेले उद्गार आणि जेत्याने शांतपणे आखलेला बेत यांना एकाच मापाने मोजू नये.

त्यानंतर शिक्षेचा रोख नेमका कोणावर आहे, हे कलमागणिक तपासावे. सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. मॉर्गेन्थाऊ योजनेत प्रमुख युद्धगुन्हेगारांना ओळख पटताच गोळ्या घालाव्यात असे कलम आहे, आणि त्याच योजनेत युद्ध थांबल्यावर शक्यतो सहा महिन्यांत रूर या जर्मनीच्या औद्योगिक खोऱ्यातील कारखाने उखडून खाणी निकामी कराव्यात, असेही आहे. पहिल्या कलमाचा रोख गुन्हेगारांवर आहे, दुसऱ्याचा लक्षावधी कामगारांच्या पोटावर. नाझींच्या अत्याचारांनी उसळलेला संताप मला पूर्णपणे न्याय्य वाटतो, तरीही तो दुसऱ्या कलमाचे समर्थन करू शकत नाही.

मताला सत्तेचे बळ किती होते, हेही शोधावे. कॅनडातील क्यूबेक येथे १५ सप्टेंबर १९४४ रोजी रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी जर्मनीला मुख्यतः शेती व पशुपालनाचा देश बनवण्याच्या टिपणावर आद्याक्षरे केली. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांचा मात्र याला ठाम विरोध होता. बातमी फुटताच नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेने तिचा पुरेपूर वापर केला, म्हणून अशी मते शत्रूच्या प्रचारातील उद्धरणांवरून न वाचता मूळ कागदावरूनच वाचावीत.

शेवटी प्रत्यक्ष अंमलबजावणीचे आदेश शेजारी ठेवावेत. अमेरिकी सेनाधिकाऱ्यांना १९४५ मध्ये दिलेल्या १०६७ क्रमांकाच्या निर्देशात जर्मनीच्या आर्थिक पुनर्वसनासाठी पावले उचलण्यास मनाई होती. मार्च १९४७ मध्ये माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी दाखवून दिले, की जर्मनीला निव्वळ शेतीवर आणायचे तर अडीच कोटी माणसे मारावी किंवा देशाबाहेर हलवावी लागतील. त्याच वर्षी जुलैमध्ये तो निर्देश बदलला आणि स्थिर, उत्पादक जर्मनीवाचून युरोपची भरभराट होणार नाही, अशी भूमिका नव्या निर्देशाने घेतली.