तोरणमाळला साधं लग्न: आम्ही कसं जमवलं

मांडव, बँड, पंगती नकोच होत्या. सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी, यशवंत तलावाकाठी एकमेकांना हार घालायचे, एवढंच. अडचण कायद्याची होती. नुसते हार घालून लग्न कागदावर येत नाही. म्हणून कायद्याचं लग्न आणि हार घालणं वेगवेगळं केलं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नंदुरबारला विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस दिली. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस वास्तव्य लागतं, मी तिथलीच. मग ३० दिवस थांबायचं, पण नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. साक्षीदार ३: मावशी, मामा, मैत्रीण. सह्या झाल्या आणि शहाद्याहून घाट चढलो. मावशीने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी बांधून आणल्या होत्या. हिरव्या मिरचीच्या ठसक्याने थंडी पळाली. हार मात्र खालूनच न्या, ओल्या फडक्यात गुंडाळून.