अनेक डेप्थ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण

पुण्यातील एखाद्या कथकवर्गात नर्तिकेच्या हालचाली चहूबाजूंनी त्रिमितीत टिपायच्या असल्यास अ‍ॅझ्युअर किनेक्ट (मायक्रोसॉफ्टचे, अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण सोडून वस्तूचे अंतर मोजणारे डेप्थ कॅमेरे) ३.५ मिलिमीटरच्या ऑडिओ केबलने जोडावेत. मुख्य कॅमेऱ्याच्या ‘सिंक आउट’मधून निघालेली केबल दुय्यम कॅमेऱ्याच्या ‘सिंक इन’मध्ये जावी. एकाचे अवरक्त लेझर किरण दुसऱ्याच्या मोजणीत मिसळू नयेत म्हणून कॅमेऱ्यांच्या डेप्थ चित्रणात परस्परांपासून किमान १६० मायक्रोसेकंदांचा फरक ठेवावा, म्हणजे दुसऱ्याला १६०, तिसऱ्याला ३२० असा विलंब द्यावा. दुय्यम कॅमेरे मुख्य कॅमेऱ्याच्या संकेताची वाट पाहत असल्याने रेकॉर्डिंग आधी त्यांचे सुरू करावे, मुख्य कॅमेऱ्याचे सर्वांत शेवटी. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा कालावधी, आपोआप ठरू न देता हातानेच ठरवावे. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो, त्यामुळे खिडक्यांना जाड पडदे हवेत. एप्रिलमधील दुपार तर टाळलेलीच बरी.