लोणच्याच्या बरणीवरचं लेबल कडेने सुटत होतं, असं थांबलं

काचेच्या बरणीवर लावलेलं स्टिकर लेबल फ्रिजमध्ये गेलं की दोन दिवसात कडा वर. फेविकॉल लावून बघितला, वरून सेलोटेप मारला, ड्रायरने गरमही केलं, काही नाही, वैताग आला नुसता.

शेवटी जमलं ते असं: आधी बरणी भरून झाकण लावलं, मग बाहेरून साबणाने धुतली (तेलाचा हात लागलेलाच असतो!), पूर्ण कोरडी केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने (तेलकटपणा काढणारं, पटकन उडून जाणारं स्पिरिट) पुसून पाच मिनिटं थांबले. लेबल ओढून न काढता मागचा सिलिकॉनचा थर दिलेला गुळगुळीत कागद मागे दुमडत सोलला, नाहीतर लेबलच वळतं. गमाला बोट न लावता मधून कडांकडे फडक्याने जोरात दाबत गेले, हा गम दाबानेच धरतो. मग २४ तास बाहेरच ठेवली, नंतर फ्रिज.